स्केटबोर्डचा ट्रक: धातू पारखून, बुशिंग जुळवून

क्रिकेटची बॅट घ्यायला गेलेला बाप पात्यावरचे ग्रेन्स मोजतो, हँडल पिळून बघतो, चेंडू आपटून आवाज ऐकतो. तोच बाप मुलीसाठी स्केटबोर्ड घ्यायला गेला की डेकवरचं, म्हणजे फळीवरचं, चित्र बघून पैसे काढतो. बोर्ड उलटा करून खालचे दोन धातूचे सांगाडे निरखायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. या सांगाड्यांना ट्रक म्हणतात. चाकं त्यांच्यावर फिरतात, वळण तेच घेतात आणि अंगाचा सगळा भार शेवटी त्यांच्यावरच येतो. डेक झिजला की बदलतात, चाकंही बदलतात. चांगली ट्रकची जोडी मात्र कित्येक डेक पुरते.

नागपूरच्या रामदासपेठेत या खरेदीला आणखी एक बाजू आहे. सेंट्रल बाजार रोड असो की कॅनॉल रोड, दिवसभर इथे दवाखान्यांची आणि दुकानांची वर्दळ. बोर्डाला मोकळीक मिळते ती पहाटे, आतल्या गल्ल्यांत किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. म्हणजे एकाच बोर्डाखाली तीन तऱ्हेची जमीन येते: आडव्या रेघा मारलेला सिमेंटचा रस्ता, त्याच्या कडेला बसवलेले गट्टू आणि पार्किंगमधली गुळगुळीत फरशी. सिमेंटच्या रस्त्यावर साधारण चार-साडेचार मीटरवर सांधा येतो. रस्ता आणि गट्टू यांची पातळी जुळलेली असेलच असं नाही. अशा जागी ट्रक कसा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत पायाला कळतं. ते दुकानातच कळलं तर पैसे वाचतात.

ट्रक पारखण्याची कामं दोन आणि ती वेगवेगळी आहेत. धातू चांगला आहे की नाही हे विकत घेण्याआधी बघायचं, कारण तो नंतर सुधारता येत नाही. बोर्ड वळतो कसा, हे मात्र बहुतांशी धातूच्या आत बसवलेल्या युरेथेनच्या दोन गोळ्यांवर, म्हणजे बुशिंगांवर, ठरतं, आणि त्या थोड्या पैशांत बदलता येतात. ‘ट्रकच खराब निघाला’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ट्रक ठीक असतो. गोळ्या वजनाला जुळलेल्या नसतात.

आत काय काय असतं

ट्रक एकदा उघडून बघावा. किंगपिनचा, म्हणजे मधल्या जाड बोल्टचा, नट सोडवला की रस्त्याच्या बाजूने एकेक भाग हातात येतो. आधी छोटा वाटीसारखा वॉशर, मग शंकूच्या आकाराचं बुशिंग, त्यानंतर टी आकाराचा हँगर, हँगरखाली पिंपाच्या आकाराचं दुसरं बुशिंग, त्याखाली मोठा वॉशर आणि शेवटी डेकला बोल्टांनी जखडलेली बेसप्लेट. हँगरच्या आरपार पोलादी ॲक्सल असतो आणि त्याच्या दोन टोकांना चाकं बसतात. हँगरचं एक नाक बेसप्लेटमधल्या प्लास्टिकच्या खोबणीत टेकलेलं असतं. ती खोबण म्हणजे पिव्हट कप. वर किंगपिन, खाली हे नाक, अशा दोन ठिकाणी आधार घेऊन हँगर तिरका फिरतो. स्वार डावीकडे झुकला की बुशिंग एका बाजूने दबतं, ॲक्सल वळतो आणि बोर्ड डावीकडे जातो. स्वार सरळ झाला की दबलेलं बुशिंग हँगरला परत मध्यावर ढकलतं.

ही युक्ती स्केटबोर्डपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये चार चाकांच्या स्केट्सचं पेटंट घेतलं, त्यात पाय झुकवला की चाकं वळावीत म्हणून रबराची उशी बसवलेली होती. दोन-दोन चाकं शेजारी असलेल्या स्केट्सवर रिंकला फेऱ्या मारणाऱ्या मुलांच्या पायाखाली आजही तीच रचना आहे. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९५० च्या दशकात रोलर स्केट्स मोडून फळीला ठोकले आणि तेच ट्रक बोर्डाखाली आले. फळीच्या मानाने ते अरुंद आणि नाजूक होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं बाजारात आणली, वेग वाढला आणि रोलर स्केटचा ट्रक कमी पडायला लागला. मग १९७५ मध्ये ट्रॅकर कंपनीने खास स्केटबोर्डसाठी रुंद ट्रक काढला. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून इंडिपेंडंटचा ट्रक आला, आणि त्याचा मूळ साचा थोड्याफार फरकाने आजही चालू आहे.

धातूची परीक्षा

चांगल्या ट्रकचा हँगर बहुधा ए-३५६ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्यात सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ओतकाम झाल्यावर तो सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. कारखान्यात या संस्काराला टी-६ म्हणतात. ताकद येते ती यातून. नुसता ओतलेला आणि टी-६ केलेला हँगर दिसायला अगदी सारखे, पण पायरीवरून उडी मारून आपटल्यावर एक टिकतो आणि दुसरा वाकतो किंवा तडकतो. खोक्यावर ‘ॲल्युमिनियम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही. ‘ए-३५६ टी-६’ असं स्पष्ट लिहिणारा बनवणारा निदान काय विकतोय ते सांगतो तरी.

कागद नसेल तर हात आणि डोळे वापरावेत.

पहिली कसोटी वजनाची. प्रौढांच्या बोर्डाचा ॲल्युमिनियमचा ट्रक साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतो. खेळण्यांच्या दुकानातल्या काही बोर्डांना जस्ताच्या मिश्रधातूचे ट्रक असतात. जस्त ॲल्युमिनियमच्या अडीच पट जड, त्यामुळे लहानसा ट्रकही हाताला दगडासारखा लागतो. याउलट ट्रक अगदीच हलका असेल आणि बोटांना धातूचा थंडपणा जाणवत नसेल, तर चंदेरी रंग दिलेलं प्लास्टिक निघण्याची शक्यता मोठी.

दुसरी कसोटी लोहचुंबकाची. ॲक्सलच्या टोकाला तो चिकटला पाहिजे, कारण ॲक्सल पोलादाचा हवा. चांगल्या ट्रकला क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचा असतो. हँगरला चुंबक चिकटू नये. टायटॅनियमच्या महागड्या ॲक्सललाही चुंबक चिकटत नाही, पण तेवढी किंमत मोजणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीत असतं.

तिसरी कसोटी ओतकामाची. हँगर उजेडात धरून हळूहळू फिरवावा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ दिसते, ती असणारच. पण त्या रेघेवर एका बाजूचा धातू दुसऱ्यापेक्षा सरकलेला दिसला, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली किंवा ॲक्सल बाहेर पडतो त्या तोंडाशी भेग दिसली, तर तो ट्रक परत ठेवावा. धातूत ओतलेलं कंपनीचं नाव कडेला ठसठशीत असावं. नामवंत कंपनीचं नाव फक्त स्टिकरवर आणि धातूवर काहीच नाही, असं असेल तर शंका घ्यायला हरकत नाही.

चौथी कसोटी सरळपणाची, आणि ती सगळ्यांत उपयोगी. चाकांसह तयार बोर्ड ग्रॅनाइटच्या किंवा काचेच्या सपाट काउंटरवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबावेत. एखादं चाक अधांतरी राहत असेल तर डेक पिळलेला आहे, नाहीतर एखादा ॲक्सल वाकडा आहे. दोन्ही ट्रकची आपसात अदलाबदल करून बघितलं की दोष कुणाचा ते उघड होतं.

पाचवी कसोटी पिव्हटची. बेसप्लेट एका हातात धरून हँगर दुसऱ्या हाताने हलवावा. झुकण्याच्या दिशेने तो दबला पाहिजे, पण नाक खोबणीत खडखडू नये. कप ढिला असेल तर तिथे पुढे कुरकुर सुरू होते आणि वळणात पकड जाते. कप स्वतंत्रपणे मिळतो आणि स्वस्त असतो. खोबणच वेडीवाकडी ओतलेली असेल तर मात्र इलाज नाही.

नट घट्ट करताना आटे कसे लागतात तेही बघावं. नट बोटांनी दोन-तीन फेरे सहज जायला हवा आणि नायलॉनच्या कड्याशी पोचल्यावर जड व्हायला हवा. सुरुवातीलाच खरखर लागत असेल तर आटे कच्चे आहेत.

माप जुळतंय का

ट्रकचा ॲक्सल डेकच्या रुंदीएवढा असावा, पाव इंच इकडेतिकडे चालतं. चाकं डेकच्या फार बाहेर आली तर ढकलताना टाच लागते. फार आत गेली तर बोर्ड डुगडुगतो. गोंधळ होतो तो ट्रकवरच्या आकड्यांमुळे. इंडिपेंडंटच्या ट्रकवर १३९, १४४, १४९ असे आकडे असतात, ते हँगरच्या रुंदीचे मिलिमीटर. ॲक्सल त्याहून लांब असतो: १३९ चा ८ इंच, १४४ चा सव्वाआठ, १४९ चा साडेआठ. थंडरचा सव्वाआठ इंची ट्रक मात्र वेगळ्याच आकड्याने विकला जातो. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावू नये. सरळ ॲक्सलची लांबी विचारावी आणि डेक टेपने मोजून जावं.

उंचीही बघावी लागते. कमी उंचीचे ट्रक साधारण ५० मिलिमीटरच्या आसपास असतात, उंच ट्रक ५५ च्या. बुटक्या ट्रकवर बोर्ड जमिनीला जवळ राहतो, उलटवायच्या ट्रिक्सना ते बरं पडतं. पण त्याखाली मोठी चाकं लावली की वळताना चाक डेकला घासतं. स्केटर याला व्हीलबाइट म्हणतात. चाक एका क्षणात थांबतं आणि स्वार पुढे फेकला जातो. गट्टूंवरून आणि रस्त्याच्या सांध्यांवरून जायचं म्हणून ५६ ते ६० मिलिमीटरची मऊ चाकं घेणाऱ्याने एकतर उंच ट्रक घ्यावा, नाहीतर डेक आणि बेसप्लेटमध्ये तीन मिलिमीटरची रायझर नावाची पट्टी घालावी. रायझर घातला की बोल्टही तेवढे लांब लागतात, हे लोक हमखास विसरतात.

डेकला किती भोकं आहेत याची आता फारशी काळजी नको. जुन्या डेकवर लांबीच्या दिशेने भोकांचं अंतर अडीच इंच असे, नव्यावर सव्वादोन इंचांहून थोडं कमी. अनेक बेसप्लेटना सहा भोकं असल्यामुळे दोन्ही डेकला त्या बसतात.

कोणत्या कामाला कोणता ट्रक

स्ट्रीट आणि पार्कसाठीच्या ट्रकमध्ये किंगपिन आतल्या बाजूला असतो. दोन्ही ट्रकचे नट बोर्डाच्या मध्याकडे तोंड करून असतात. लाँगबोर्डच्या ट्रकमध्ये तो उलटा, बाहेरच्या बाजूला असतो आणि हँगर सहसा १५० किंवा १८० मिलिमीटरचा रुंद असतो. पॅरिस आणि कॅलिबर या कंपन्या अशा ट्रकसाठी ओळखल्या जातात. उलट्या किंगपिनचा ट्रक मोठ्या वळणात शांत असतो, पण कठड्यावर घासायला तो नाही. घरी बोर्ड जोडणाऱ्यांनी ट्रकची दिशा दोनदा तपासावी. ट्रक उलटा बसला तर स्वार डावीकडे झुकतो आणि बोर्ड उजवीकडे जातो, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये.

लाँगबोर्डच्या बेसप्लेटवर कोन लिहिलेला असतो, बहुधा ५० अंश. कोन जास्त तर तेवढ्याच झुकण्यात वळण जास्त. कोन कमी तर वेगात स्थैर्य जास्त. रामदासपेठेतून सीताबर्डीपर्यंत रमतगमत जायचं तर ५० अंश उत्तम.

महाराष्ट्रात हा खेळ आता शौकापुरता उरलेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगने पदार्पण केलं, आणि २०२२ मध्ये गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं. स्ट्रीट म्हणजे पायऱ्या, कठडे, लोखंडी नळ्या. तिथे हँगर नळीवर घासत जातो, त्यामुळे धातू कसा झिजतो आणि उडीनंतर आदळल्यावर बेसप्लेट टिकते का, याला महत्त्व. स्पर्धेचं ध्येय ठेवणाऱ्याने टी-६ हँगर आणि शक्य असल्यास ठोकून घडवलेली बेसप्लेट घ्यावी. ती ओतलेल्या बेसप्लेटपेक्षा पातळ करूनही मजबूत राहते. पोकळ ॲक्सल आणि पोकळ किंगपिनचे ट्रक काही ग्रॅम हलके आणि बरेच महाग असतात. उलटवायच्या ट्रिक्सना आकार देणारे रॉडनी मलन यांनी स्वतःच्या टेन्सर कंपनीत ट्रक हलका करण्यावर बरीच मेहनत घेतली, मॅग्नेशियमही वापरलं. पण नुकतीच ऑलीची उडी शिकणाऱ्या मुलाला पन्नास ग्रॅमचा फरक जाणवत नाही. त्या पैशांत हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड येतात.

चाल जुळवणं

आता बुशिंग. त्याचा कडकपणा शोअर ए या मापाने मोजतात. साधारण ७८ ए म्हणजे मऊ, १०० ए म्हणजे कडक. बहुतेक ट्रक कारखान्यातून ९० ए च्या आसपासची बुशिंगं घेऊन येतात, म्हणजे साठ-सत्तर किलोच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. आता पाचवीतली अठ्ठावीस किलोची मुलगी त्यावर उभी राहते. ती झुकते, बोर्ड हलतच नाही. घरचे म्हणतात ट्रक जाम आहे, कुणीतरी नट सैल करतं, नट इतका सैल होतो की हँगर खडखडू लागतो, आणि बोर्ड तरीही नीट वळत नाही. इथे उपाय एकच: ७८ ते ८५ ए ची बुशिंगं. ऐंशी किलोच्या तरुणाचं उलट होतं. त्याच्याखाली ९० ए दबून जातं, चाक डेकला लागतं. त्याने ९४-९५ ए पासून सुरुवात करावी. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत, पुढे ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे दोन-चारने खालीवर करावेत.

आकारानेही फरक पडतो. डेककडे पिंप आणि रस्त्याकडे शंकू ही नेहमीची जोडी. दोन्ही शंकू घातले तर बोर्ड चटकन वळतो पण मध्यावर डळमळतो. दोन्ही पिंपं घातली तर स्थिर राहतो आणि हळू वळतो. वाटीच्या वॉशरमध्ये बुशिंगची कड धरून ठेवलेली असते. सपाट वॉशर लावला तर कड पसरायला मोकळी होते आणि तेच बुशिंग मऊ वाटतं. वॉशर बदलून बघणं हा सगळ्यांत स्वस्त प्रयोग.

नवी बुशिंगं बसवल्यावर काही दिवस ती आखडलेली वाटतात. लगेच नट सैल करू नये. आणि नट कितीही सैल आवडत असला तरी किंगपिनचं टोक नायलॉनच्या कड्यातून बाहेर आलेलं दिसलंच पाहिजे. दुसऱ्या टोकाला, नट इतका पिळला की बुशिंग फुगून वॉशरबाहेर आलं, तर ते लवकरच चिरतं. तेवढा नट पिळावा लागत असेल तर बुशिंगच कडक घ्यावं.

नागपूरच्या हवेत आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी ४५ च्या पुढे. युरेथेन थंडीत आखडतं आणि उन्हात सैलावतं. जानेवारीत मनासारखा जुळवलेला ट्रक मे महिन्यात ढिला वाटू लागतो. अशा वेळी पाव फेरा नट घट्ट करावा, हिवाळ्यात पुन्हा सोडावा. बोर्ड उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. बुशिंगांबरोबर डेकच्या थरांमधला डिंकही कमकुवत होतो.

प्रत्यक्ष चालवून

दुकानदार परवानगी देत असेल तर दुकानाच्या पार्किंगमध्ये, नाहीतर घरी आल्याबरोबर, परतीची मुदत संपण्याआधी या चाचण्या कराव्यात. हेल्मेट घालूनच.

बोर्ड गालिच्यावर ठेवून दोन्ही पाय बोल्टांवर ठेवावेत आणि पंजांकडे, मग टाचांकडे झुकावं. दोन्हीकडे सारखा जोर लागतो का आणि सोडल्यावर बोर्ड आपोआप मध्यावर येतो का, ते बघावं. एका बाजूला जास्त झुकत असेल तर बुशिंग तिरपं बसलंय. नट सोडून पुन्हा नीट बसवावं.

मग सपाट फरशीवर हलकेच ढकलून दहा-बारा मीटर सरळ जाऊ द्यावं, वर कुणी उभं न राहता. बोर्ड हळूहळू एकीकडे वळत असेल तर आधी फरशीचा उतार आहे का ते तपासण्यासाठी बोर्डाचं तोंड फिरवून उलट दिशेनेही ढकलावं. दोन्ही वेळा बोर्डाच्या त्याच बाजूला वळला तर दोष ट्रकमध्ये आहे.

तिसऱ्या चाचणीत दोन बाटल्या चार-पाच पावलांच्या अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरावं. वळण एकसारखं वाढत गेलं पाहिजे. बोर्ड आधी अडतो आणि मग एकदम पडतो असं होत असेल तर बुशिंग फार कडक आहे किंवा पिव्हट कोरडा आहे. फेऱ्या झाल्यावर डेक उलटा करून चाकांच्या वर काळे घासलेले पट्टे दिसतात का ते पाहावं. दिसले तर व्हीलबाइटची सुरुवात झाली म्हणायची.

शेवटी रस्त्याचा सांधा. पहाटे रिकाम्या गल्लीत सावकाश वेगाने सांध्यावरून जावं. ‘टक्’ असा एकच आवाज ठीक. मागोमाग खणखण ऐकू आली तर ॲक्सलचा नट, बेसप्लेटचे बोल्ट आणि पिव्हट, या क्रमाने तपासावं. पायाला सतत झिणझिण्या येत असतील तर ट्रकला दोष देण्याआधी चाकं बघावीत. ९९ ए ची स्ट्रीटची कडक चाकं रेघा मारलेल्या सिमेंटवर अशीच थरथरणार. ७८ ते ८५ ए ची चाकं लावली की त्याच ट्रकवर तोच रस्ता बराच गुळगुळीत वाटतो.

वेगात बोर्ड आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागणं, ज्याला स्पीड वॉबल म्हणतात, हे बहुधा मागचा ट्रक फार सैल असल्याने किंवा भार मागच्या पायावर असल्याने होतं. मागचा नट पुढच्यापेक्षा किंचित घट्ट ठेवावा आणि वजन पुढच्या पायावर घ्यावं. याची चाचणी म्हणून वर्धा रोडच्या रहदारीत किंवा कोणत्याही उड्डाणपुलाच्या उतारावर बोर्ड घालू नये.

पाने, नट आणि पावसाळा

स्केटबोर्डची मापं इंचांत आणि घरातले पाने मिलिमीटरमध्ये, इथे अनेकांचे नट गोल होतात. किंगपिनच्या नटाला ९/१६ इंचाचा पाना लागतो. १४ चा पाना त्याला बसत नाही आणि १५ चा घसरतो. ॲक्सलचा नट अर्ध्या इंचाचा, तिथे १३ चा पाना थोडा ढिला का होईना, चालतो. डेकच्या बोल्टांना ३/८ इंच, तिथे १० चा. स्केट टूल नावाचं टी आकाराचं हत्यार घेतलं की तिन्ही कामं होतात.

ॲक्सलचा नट हरवला तर इतवारीतल्या लोहाओळीत जाऊन ‘आठ एमएमचा नट’ मागू नये. ॲक्सल ५/१६ इंची असतो, म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटरच, पण त्याला एका इंचात २४ आटे असतात. साधा आठ एमएमचा नट एखादा फेरा जातो आणि पान्याने जोर दिला की आटे खातो. ‘५/१६ यूएनएफ, नायलॉक’ असं मागावं. बसवताना चाक पूर्ण जखडू नये. बोटाने हलवल्यावर किंचित हालचाल राहिली पाहिजे, नाहीतर बेअरिंग दबतात. चाकाच्या दोन्ही बाजूंचे बारीक वॉशर काढून टाकायचे नसतात.

कधी कधी ॲक्सल हँगरमध्ये एका बाजूला सरकतो. एका टोकाचं चाक जाम होतं, दुसऱ्या टोकाचं लोंबतं. चाक काढून बाहेर आलेल्या टोकावर जुना नट टोकाशी समपातळीत लावावा आणि लाकडावर ठोकून ॲक्सल परत आत सरकवावा. पुन्हा पुन्हा सरकत असेल तर ओतकामातच पकड नाही, तो हँगर बदलावा.

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर बोर्ड काढू नये. भिजलाच तर चाकं आणि बेअरिंग त्याच दिवशी पुसून वाळवावीत, ॲक्सलच्या आट्यांवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि पिव्हट कपमधला चिखल कापडाने काढावा. पिव्हट कुरकुरत असेल तर तिथे साबणाचा किंवा मेणाचा तुकडा किसून घालतात. बुशिंगला मात्र तेल लावू नये.

जुना ट्रक घेताना किंवा आपलाच अजून वापरायचा का हे ठरवताना चार गोष्टी बघाव्यात. घासून घासून हँगरचा धातू इतका झिजला की आतला ॲक्सल दिसू लागला, तर तो ट्रक संपला. बेसप्लेटवर बोल्टच्या भोकापासून निघालेली भेग असेल तर तोही संपला. ॲक्सल वाकला असेल तर हातोडीने सरळ करून वापरू नये. किंगपिन वाकला असेल तर बऱ्याच ट्रकमध्ये तो ठोकून काढता येतो आणि नवा घालता येतो. चिरलेलं बुशिंग, ढिला पिव्हट कप, गोल झालेला नट हे दोष किमतीत घासाघीस करण्यापुरते. ट्रक नाकारण्याएवढे नाहीत.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा. खेळण्याच्या दुकानातला तयार बोर्ड नामवंत ट्रकच्या एका जोडीपेक्षाही स्वस्त मिळतो, पण त्यात बदलून सुधारता येईल असं फारसं काही नसतं. त्याऐवजी क्रीडासाहित्याच्या दुकानातला, ॲल्युमिनियमचे ट्रक आणि नेहमीच्या मापाचे बोल्ट असलेला साधा पूर्ण बोर्ड घ्यावा. पहिल्या आठवड्यात वजनाप्रमाणे बुशिंगं बदलावीत, नंतर रस्त्याप्रमाणे चाकं. ट्रक बदलण्याची वेळ मूल वर्षभर टिकून खेळलं, त्याला स्ट्रीट हवं की नुसतं फिरणं हे कळलं, आणि डेकची रुंदी ठरली की मग येते. तेव्हा दुकानात जाताना जुना डेक, टेप आणि लोहचुंबक बरोबर न्यावा.